गव्हाचे रुपये

पडीक रानात आणि रेल्वेच्या रुळांलगत पावसाळ्यानंतर पांढऱ्या फुलांचे गाजर गवत माजते, तेव्हा जुन्या पिढीतले लोक त्याला हमखास ‘काँग्रेस गवत’ म्हणतात आणि ते अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हातून आल्याचे सांगतात. तारखा लावून पाहिल्या तर हिशेब जमत नाही. हे गवत पुण्यात दिसल्याची नोंद १९५५ सालची, आणि पीएल-४८० चा भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. अमेरिकेचा गहू त्याआधी १९५१ पासून येत होता, त्यामुळे बी आधीच्या एखाद्या बोटीतून उतरले असेलही. लोकांनी मात्र खापर फोडले ते पीएल-४८० वर. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोचेही, म्हणजे तांबड्या ज्वारीचेही, तसेच झाले. तो ‘पीएल फोर-एटीचा’ म्हणून लक्षात राहिला. प्रत्यक्षात रुपयांत धान्य मिळण्याची सोय तोवर संपली होती आणि सरकार परदेशी धान्य डॉलर मोजून घेत होते.

धान्य लोकांनी खाल्ले, पचवले, नावे ठेवली. त्या धान्यापोटी भारताने जे रुपये मोजले, त्यांचे पुढे काय झाले हे फारसे कोणी विचारले नाही. ते रुपये अमेरिकेचे होते आणि भारतातच पडून होते. दोन लोकशाही देशांच्या अर्थसंकल्पांच्या मधोमध उभी राहिलेली ही तिजोरी जवळजवळ वीस वर्षे फुगत गेली.

सुरुवात पीएल-४८० च्याही आधीची. १९५० साली ठिकठिकाणी पिके बुडाली. फाळणीत पंजाब आणि सिंधचा गहू पिकवणारा मुलूख गेला होता आणि रेशनची दुकाने रिकामी पडण्याची वेळ आली होती. डिसेंबरात वॉशिंग्टनमधल्या भारताच्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी अमेरिकेकडे वीस लाख टन धान्याची मागणी केली. अमेरिकेच्या कोठारांत गहू होता. अडचण मतांची होती. कोरियाच्या युद्धात नेहरूंनी घेतलेली भूमिका तिथल्या अनेक खासदारांना रुचलेली नव्हती. फुकट द्यायचे की कर्जाऊ, यावर महिनोन्‌महिने काथ्याकूट झाला. गव्हाच्या बदल्यात त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू, म्हणजे अणुकार्यक्रमाला लागणारे थोरियम, भारताने द्यावे असेही सुचवले गेले. अटींवर मिळणारी मदत नेहरूंना नको होती. दरम्यान चीन आणि रशियाकडून धान्य येऊ लागले आणि अमेरिकी काँग्रेसलाही घाई करावी लागली.

१५ जून १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कायद्यावर सही केली. १९ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ९० कोटी रुपये, भारताला मिळाले. पण कर्ज म्हणून. अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर राहिलेल्या या माणसाला डॉलरमधल्या कर्जाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आज पोटात गेलेल्या गव्हाचे व्याज पुढची पस्तीस वर्षे दुर्मीळ परकीय चलनात फेडायचे होते. या कायद्यात एक छोटे कलम होते: भारताने भरलेल्या व्याजातले पहिले ५० लाख डॉलर दोन्ही देशांतल्या अभ्यासकांची देवघेव आणि भारतीय ग्रंथालयांसाठी पुस्तके यांवर खर्च करावेत. अन्नमदतीच्या खात्यातून पुस्तके घेण्याची ही कल्पना पुढे फार मोठ्या प्रमाणावर परत येणार होती.

तीन वर्षांनी अमेरिकेने निराळी वाट काढली, आणि तिचे कारण भुकेल्या जगापेक्षा कॅन्ससच्या शेतकऱ्याशी जास्त निगडित होते. अमेरिकी सरकार शेतमालाला हमीभाव देत असे आणि त्या भावाने न खपलेला माल ‘कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन’ या सरकारी महामंडळाच्या गळ्यात पडत असे. गहू, मका, कापूस, लोणी यांचे डोंगर साचले. विकावा तर बाजारभाव कोसळणार, ठेवावा तर गोदामांचे भाडे वाढत जाणार. ज्या देशांना हा माल हवा होता, त्यांच्याकडे डॉलर नव्हते. १० जुलै १९५४ रोजी आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या ‘पब्लिक लॉ ४८०’ ने हा पेच सोडवला: गरजू देशाने त्याच्याच चलनात पैसे द्यावेत आणि ते त्याच देशात अमेरिकेच्या खात्यावर जमा व्हावेत.

अर्थसंकल्पाच्या नजरेने पाहिले तर ही मोठी हुशारीची मांडणी होती. परदेशी मदतीसाठी थेट पैसा मागितला की अमेरिकी काँग्रेसमध्ये दरवर्षी घासाघीस व्हायची, कारण परदेशी मदतीला मतदारसंघ नसतो. शेतकऱ्याला मतदारसंघ असतो. पीएल-४८० चा माल महामंडळ पुरवी, त्याचा खड्डा कृषी खात्याच्या तरतुदीतून भरला जाई आणि परराष्ट्र खात्याच्या हातात एक नवे साधन आयतेच येई. जहाजमालकांचीही सोय पाहिलेली होती. मदतीच्या मालातला निम्मा तरी अमेरिकी झेंड्याच्या बोटींतून गेला पाहिजे, असा त्याच वर्षीचा दुसरा कायदा सांगत होता.

भारताला हे साधन नेमक्या वेळी सापडले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलाद आणि यंत्रसामग्रीवर परकीय चलन पाण्यासारखे जाणार होते, धान्यासाठी उरणार नव्हते. पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजी झाला, सुमारे ३६ कोटी डॉलरचा. तोवर देशमुख अर्थमंत्रिपदावर नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या केंद्राच्या निर्णयावरून त्यांनी महिनाभर आधीच राजीनामा दिला होता.

या व्यवहारातला एक टन गहू घ्या. तो अमेरिकेच्या बंदरात बोटीवर चढला की तिथल्या शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे डॉलर तिथेच चुकते होत. मुंबई, कलकत्ता किंवा कांडल्याच्या धक्क्यावर बोटीच्या पोटातला सुटा गहू उपसायचा, पोत्यांत भरायचा, पोती शिवून रेल्वेच्या वाघिणींत रचायची. तिथून सरकारी गोदाम, तिथून रेशनचे दुकान. गिऱ्हाईकाने दिलेले रुपये सरकारी तिजोरीत येत आणि सरकार गव्हाच्या किमतीचे रुपये अमेरिकेच्या खात्यावर टाकी.

हे खाते आधी स्टेट बँकेत होते. बँकेच्या ठेवी अशा काही वाढल्या की देशातल्या बँकिंगचे आकडे वाचताना पीएल-४८० ची रक्कम वेगळी काढल्याशिवाय खरे चित्र दिसेना. १९६० पासून ही रक्कम रिझर्व्ह बँकेकडे वळवण्यात आली आणि तिथून ती भारत सरकारच्याच खास रोख्यांत गुंतवली जाऊ लागली. म्हणजे सरकारने अमेरिकेला दिलेले रुपये सरकारकडेच कर्ज म्हणून परत येत, आणि त्यांवर सरकार अमेरिकेला व्याज देई, तेही रुपयांत.

करारांत या रुपयांची वाटणी ठरलेली असे. सर्वांत मोठा वाटा भारत सरकारला विकासकामांसाठी कर्ज किंवा अनुदान म्हणून. एक वाटा अमेरिकी कंपन्यांना आणि त्यांच्या भारतीय भागीदारांना कर्जाऊ. नॉर्थ कॅरोलिनाच्या हॅरोल्ड कूली या खासदारांच्या दुरुस्तीतून आलेली म्हणून ती ‘कूली कर्जे’. उरलेला वाटा अमेरिकेच्या स्वतःच्या खर्चाला: वकिलातीचे पगार, भाडी, दौरे. अमेरिकी करदात्याला नव्याने झळ न लावता दिल्लीतली वकिलात चालत होती.

अर्थतज्ज्ञ या पैशांवरून भांडत राहिले. गुजरात युनिव्हर्सिटीतले बी. आर. शेणॉय यांचा आक्षेप होता की ही रक्कम विकासकामांच्या नावाने बाजारात सोडली की महागाई वाढते. शिकागोचे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली वेगळीच शंका काढली: स्वस्त आयात धान्यामुळे भारतासारख्या देशातल्या शेतकऱ्याला मिळणारा भाव पडेल आणि तो जास्त पिकवण्याच्या भानगडीत पडणार नाही. योजना आयोगाला तेव्हा शहरांतले धान्याचे भाव आटोक्यात राहणे महत्त्वाचे वाटत होते.

त्याच वर्षी सगळ्यांत मोठा करार झाला आणि त्यावर सही होती सदोबा कान्होजी पाटलांची. मुंबईचे महापौरपद तीनदा भूषवलेले, शहराच्या काँग्रेसवर एकहाती पकड असलेले स. का. पाटील तेव्हा केंद्रात अन्न आणि शेतीमंत्री होते. संयुक्त महाराष्ट्राला त्यांचा विरोध जगजाहीर होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले आणि ४ मे रोजी पाटील वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवर यांच्यासोबत करार करत होते. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. किंमत १२७ कोटी ६० लाख डॉलर, म्हणजे सुमारे ६०७ कोटी रुपये. त्यातला ५० लाख टनांचा साठा सरकारने राखून ठेवायचा होता. गोदामात धान्य आहे हे कळले की साठेबाज आपोआप सरळ होतात, असे पाटलांचे गणित होते. करार करताना ते गणित चुकीचे नव्हते. आपल्या शेतीत पैसा घालण्याची निकड त्यामुळे ओसरली, ही टीका मात्र त्यांना शेवटपर्यंत ऐकावी लागली.

खात्यातले रुपये आता अशा ठिकाणी वाहू लागले, जिथे गव्हाचा काही संबंध नव्हता. नेपाळला अमेरिका जी मदत देई, तिच्यातला मोठा भाग भारतीय रुपयांचा असे. नेपाळला लागणारा बहुतेक माल भारतातूनच जाई, तेव्हा डॉलर कशाला खर्चायचे? भारतात साचलेल्या पैशातून काठमांडूत अमेरिकेचे वजन वाढत होते.

आणखी एक वाट पुस्तकांची. मिशिगनचे खासदार जॉन डिंगेल यांच्या १९५८ च्या दुरुस्तीने ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला हे पैसे परदेशी पुस्तकांसाठी वापरण्याची मुभा मिळाली. दिल्लीत खरेदीचे कार्यालय थाटले गेले आणि १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके, मासिके, सरकारी अहवाल यांच्या अनेक प्रती खरेदी होऊन शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कलेसारख्या विद्यापीठांकडे जाऊ लागल्या. कथासंग्रह, संतवाङ्मयाची संपादने, दिवाळी अंक, जिल्हा गॅझेटियर यांनी भरलेली मराठीची कपाटे तिथे उभी राहिली ती अशी. आपल्या शहराच्या नगरवाचनालयात न सापडणारे जुने मराठी पुस्तक आज एखाद्याला अमेरिकी विद्यापीठाच्या सूचीत सापडते, त्यामागे बऱ्याचदा हे गव्हाचे रुपये असतात. १९६१ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’चे भारतातले ठाणे सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. तिच्या शिष्यवृत्तीवर आलेल्या अभ्यासकांचा इथला खर्चही बराचसा याच खात्यातून निघाला.

मग १९६५ उजाडले. पाऊस दगा देऊन गेला आणि ८ कोटी ९० लाख टनांवर गेलेले अन्नधान्याचे उत्पादन पुढच्या हंगामात ७ कोटी २० लाखांवर आले. लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्री जेवण सोडायला सांगितले आणि मुंबईतली हॉटेले सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. नेमक्या याच काळात पाटलांच्या करारानंतरच्या कराराची मुदत संपली होती, आणि राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन लांब पल्ल्याचा नवा करार करायला तयार नव्हते. धान्य द्यायचे, पण थोडे थोडे, महिन्या-दोन महिन्यांचे. पुढचा हप्ता भारत शेतीसाठी काय करतो ते पाहून. सप्टेंबरातल्या भारत-पाक युद्धाने त्यांना आणखी कारण मिळाले. जॉन्सन भारतातल्या पावसाचे आणि बंदरांतल्या साठ्याचे तपशील स्वतः मागवून घेत. नोव्हेंबर १९६५ मध्ये अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकी कृषिमंत्री ऑर्विल फ्रीमन यांची रोममध्ये गाठ पडली. तिथे खत, बियाणे, भाव आणि गुंतवणूक यांबाबत भारताने काय काय करायचे ते कलमवार लिहून झाले. त्यातले बरेचसे सुब्रमण्यम यांना स्वतःलाच करायचे होते. परदेशी दडपणाचा उपयोग त्यांना मंत्रिमंडळातल्या विरोधकांसमोर झाला.

१९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य आयात झाले. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकातला जवळपास पाचवा हिस्सा एकट्या भारताकडे आला. बोट लागायची आणि तिच्यातला गहू साठ्यात न पडता थेट दुकानांत जायचा. जूनमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला. त्यापाठोपाठ भारताने व्हिएतनाममधल्या बॉम्बहल्ल्यांवर टीका केली आणि जॉन्सन यांनी बोटींचा दोर पुन्हा आखडला. बिहारमध्ये दुष्काळ पडलेला असताना दिल्लीत अधिकारी बोटींच्या तारखा मोजत बसले होते. परराष्ट्र धोरणाची किंमत किती असते, ते त्या दोन वर्षांत मंत्रिमंडळाला टनांत कळले.

त्याच १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन ‘लर्मा रोहो’ गव्हाचे बियाणे आले, डॉलर मोजून. इतक्या तंगीत बियाण्यावर परकीय चलन घालवणे हा धाडसाचा निर्णय होता. १९६७-६८ मध्ये उत्पादन साडेनऊ कोटी टनांपर्यंत गेले. अमेरिकेनेही कायदा बदलला: शिल्लक माल संपवण्याची गरज उरली नव्हती, तेव्हा १९७१ अखेरपर्यंत स्थानिक चलनातली विक्री बंद करून डॉलरवर यायचे ठरले. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धात निक्सन यांनी भारताची ८ कोटी ७६ लाख डॉलरची मदत रोखली आणि गव्हाचा हा अध्याय संपला.

गहू यायचा थांबला, पण खाते थांबले नाही. भारताने घेतलेली रुपयांची कर्जे फिटत होती, त्यांवर व्याज चढत होते आणि ते सगळे अमेरिकेच्या नावावर जमा होत होते. धान्य न घेताही अमेरिकेची रक्कम दरवर्षी वाढत होती. ती डॉलरमध्ये बदलून न्यायची मुभा करारात नव्हती. भारतात खर्च करायची तर एवढा पैसा बाजारात आल्याने महागाईचा भडका उडाला असता. आणि एका परक्या सरकारच्या हाती इतके रुपये आहेत, या नुसत्या जाणिवेने संसदेत प्रश्न विचारले जात: हा पैसा कोणत्या पक्षाला, कोणत्या वर्तमानपत्राला, कोणत्या विद्यापीठाला जातो? निवडून आलेल्या सभागृहाचा अंकुश नसलेला अर्थसंकल्प म्हणजे काय, ते या खात्याने दाखवले. भारताच्या संसदेला ते रुपये मंजूर करता येत नव्हते आणि अमेरिकेच्या काँग्रेसला ते पैसे खरे वाटत नव्हते.

१९७३ मध्ये राजदूत म्हणून आलेल्या डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी हे घोंगडे झटकायचे मनावर घेतले. ते निक्सन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलेले, राष्ट्राध्यक्षांशी थेट बोलू शकणारे गृहस्थ. भारताचे अर्थखाते तेव्हा यशवंतराव चव्हाणांकडे होते. महाराष्ट्र सलग दुष्काळाने होरपळलेला, तुटीच्या अर्थसंकल्पांनी सरकार बेजार. १९७३-७४ च्या अर्थसंकल्पात चव्हाणांनी ५५० कोटींची तूट दाखवली होती. त्याला लोकांनी ‘काळा अर्थसंकल्प’ म्हटले. पीएल-४८० चे देणे त्या तुटीच्या कितीतरी पट होते.

तडजोड अशी ठरली की येणी एकदम गोळा करून त्यांतला मोठा हिस्सा अमेरिकेने भारताला पाचव्या योजनेसाठी अनुदान म्हणून परत द्यावा आणि उरलेला वकिलातीच्या व इतर खर्चासाठी ठेवावा. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी वॉशिंग्टनमध्ये कडाडून विरोध केला. काँग्रेसला न विचारता एवढे कर्ज सोडून देण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता. मॉयनिहन यांचे उत्तर सोपे होते: जो पैसा आपण कधीच घरी नेऊ शकणार नाही, तो सोडल्याने काय जाते?

१८ फेब्रुवारी १९७४ रोजी दिल्लीत मॉयनिहन यांनी अर्थ मंत्रालयाचे सचिव एम. जी. कौल यांच्या हाती धनादेश ठेवला. रक्कम होती १६,६४,००,००,००० रुपये. सोळाशे चौसष्ट कोटी, तेव्हाच्या दराने २०० कोटी डॉलरहून जास्त. जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली.

दहा दिवसांनी चव्हाणांनी पुढचा अर्थसंकल्प मांडला. हा धनादेश तिजोरीत एक रुपयाची नवी भर घालणारा नव्हता. ज्या रोख्यांत ते पैसे गुंतले होते, ते सरकारचेच होते. गव्हाची पोळी कधीच खाऊन झाली होती. गेले ते एका सार्वभौम सरकारच्या डोक्यावरचे ओझे आणि त्यावरचे व्याज. पुस्तकखरेदी मात्र चालू राहिली. अमेरिकेने राखून ठेवलेले रुपयेही पुढे आटत गेले, तेव्हा तिथल्या विद्यापीठांनी आपल्या पदरचे डॉलर घालून भारतीय पुस्तके मागवणे सुरू ठेवले.

भारत स्वतः मदत देणारा झाला तो याच काळात, या धनादेशाच्याही बराच आधीपासून. १९६१ पासून भूतानच्या पंचवार्षिक योजनांना भारताने पैसा पुरवला. १९६४ साली, अमेरिकेच्या बोटींची वाट पाहात असतानाच, परदेशी अधिकाऱ्यांना आणि तंत्रज्ञांना भारतात प्रशिक्षण देणारा ‘आयटेक’ कार्यक्रम सुरू केला. २००३ साली सरकारने बहुतेक छोट्या देशांची मदत यापुढे नको असे कळवले. त्या वर्षांत भारतीय अन्न महामंडळाची गोदामे ओसंडत होती. जुलै २००२ मध्ये साठा सहा कोटी टनांच्या वर होता आणि हमीभाव, गोदामभाडे, सडणारे धान्य यांवरून सरकारवर टीकेची झोड उठत होती. अफगाणिस्तानला दहा लाख टन गहू देण्याची घोषणा भारताने याच साठ्याच्या बळावर केली. पाकिस्तानने रस्त्याने गहू न्यायला वाट दिली नाही, म्हणून त्यातल्या गव्हाची प्रथिनयुक्त बिस्किटे करून ती जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत अफगाण शाळांतल्या मुलांपर्यंत पोहोचवण्यात आली, एका मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम.